आरोपीची बाजू घेणे

पारधी लोकांच्या वस्त्या आपल्या बीड जिल्ह्यात पुष्कळ आहेत. गावात चोरी झाली की पहिले बोट त्यांच्याकडे वळते, हे वाचकांस ठाऊक आहेच. इंग्रजी अमलात 1871 च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा 1952 साली गेला. संशय मात्र गेला नाही.

हा संशय न्यायालयापर्यंत पोहोचला म्हणजे काय होते, ते आम्ही एका खटल्यावरून सांगतो. जून 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतात राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडून पाच जीव गेले. कृत्य अति क्रूर होते. भटक्या जमातींतील सहा गरीब मजुरांवर आरोप आला, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांस फाशी सांगितली. अशांची बाजू मांडणाऱ्यास लोक काय म्हणत असतील, ते सांगावयास नकोच! तरीही वकिलांनी फेरविचाराचा अर्ज नेटाने चालविला. बचावलेल्या बाईने घटनेनंतर काही दिवसांतच पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळ्याच चार इसमांस ओळखले होते. ही नोंद दप्तरात होती. त्या चौघांचा तपास मात्र कोणी केला नाही.

5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष सोडले आणि प्रत्येकास पाच लक्ष रुपये देण्यास राज्य सरकारास फर्माविले. तोवर सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांतील एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.