मूठभर काजू

वाचण्याआधी: तुमच्या घरी काजू कोणकोणत्या पदार्थांत घालतात? तीन नावं आठवा आणि मोठ्याने सांगा.

दिवाळीत काजू कतलीचा डबा सगळ्यात आधी रिकामा होतो. शिरा, पुलाव, खीर यांतही काजू शोधून शोधून खाल्ले जातात. व्हिडिओ कॉलवर आजी सांगते, "काजू खा रे बाळा, ताकद येते!" आणि तुम्ही बरणी घेऊन बसलात की आई ओरडते, "पुरे आता, जेवायचंय ना?" मग खरं कोणाचं? दोघींचंही. कसं ते पाहू या.

१. मुठीत काय असतं?

साधारण १८ काजू म्हणजे २८ ग्रॅम, म्हणजेच एक छोटी मूठ. एवढ्या काजूंतून सुमारे १५५ कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं आणि १२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळतात. १२ ग्रॅम ऐकून दचकू नका. यातली बरीचशी चरबी ऑलिव्ह तेलात असते त्या प्रकारची आहे. लोण्यातल्या चरबीपेक्षा ती हृदयाला बरी. शिवाय कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. काजू झाडाला लागतो, म्हणून त्यात ते नसतं.

आता खनिजं पाहा. शरीराला चिमूटभराहूनही कमी तांबं लागतं, पण ते लागतंच. अन्नातलं लोह नीट वापरून रक्त तयार करायला ते मदत करतं. मोठ्या माणसाला दिवसभरात जेवढं तांबं हवं, त्याच्या निम्म्याहून जास्त या एका मुठीत मिळतं. मॅग्नेशियमचा सुमारे पाचवा हिस्सा मिळतो. ते स्नायू, नसा आणि हाडं यांच्या कामाचं आहे. थोडं लोह आणि जस्तही मिळतं. जे मांस-मासे खात नाहीत, त्यांना याचा जास्त उपयोग. म्हणजे आजीचं "ताकद येते" हे नुसतं लाडाचं बोलणं नाही.

२. मग आई का ओरडते?

कारण काजू एका मुठीवर थांबत नाहीत! दोन मुठी खाल्ल्या की तीनशे कॅलरी झाल्या, आणि समोरची पोळी-भाजी तशीच राहिली. म्हणून काजू चिप्सच्या ऐवजी खा, चिप्सच्या नंतर नको. साधे किंवा कोरडे भाजलेले काजू चांगले. खारवलेल्या काजूत मीठ वाढतं, तळलेल्यात तेल वाढतं आणि कतलीत साखर. कतली खाऊच नका असं नाही, पण तिला मिठाई म्हणा, औषध म्हणू नका.

आणखी एक गोष्ट. काजूत तंतू, म्हणजे फायबर, फार कमी असतात. बदामात ते जास्त असतात. म्हणून एकट्या काजूवर भर न देता बदाम, अक्रोड असं मिसळून खाणं बरं. पाच वर्षांखालच्या भावंडांना अख्खा काजू देऊ नका. तो घशात अडकू शकतो. त्यांना पूड करून द्या.

३. झाडावरचा काजू

मूळचा काजू ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. 'काजू' हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आला. आज गोवा आणि कोकणात काजूच्या बागा आहेत. लाल-पिवळ्या रसाळ बोंडूच्या खाली, बाहेरच्या बाजूला काजूची बी लटकते. बोंडूही खातात. त्यात संत्र्यापेक्षा जास्त सी जीवनसत्त्व असतं.

सुट्टीत कोकणात गेलात तर एक लक्षात ठेवा: झाडाखाली पडलेली बी दाताने फोडायची नाही! तिच्या सालीत एक तेल असतं. ते कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. आपला बिब्बा आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही काजूची भावंडंच, एकाच कुळातली. ओल्या काजूची उसळ करायची असते तेव्हा बायका हाताला तेल किंवा राख लावून बिया सोलतात. कारखान्यात बिया आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात. म्हणून दुकानात 'कच्चे' म्हणून मिळणारे काजूही खरं तर अगदी कच्चे नसतात.

४. आग्रहाआधी विचारा

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही जणांच्या शरीराला काजू चालतच नाही. एक तुकडा पोटात गेला तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते. कधीकधी घसा आवळतो आणि श्वास घेता येत नाही. हे जिवावर बेतू शकतं. अशा वेळी वाट पाहायची नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते लगेच द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

ज्यांना काजूची ॲलर्जी असते, त्यांना बहुतेकदा पिस्त्याचीही असते. शेंगदाण्याची गोष्ट वेगळी. तो डाळींच्या कुळातला. म्हणून "शेंगदाणे चालतात, मग काजूही चालतील" असं धरून चालू नका.

काजू लपूनही बसतो. कोर्म्याचा किंवा शाही पनीरचा दाट रस्सा बऱ्याचदा काजूच्या पेस्टचा असतो. म्हणून शाळेत फराळ न्यायचा असेल तर आधी शाळेचा नियम विचारा, आणि डब्यावर काय काय घातलंय ते लिहा.

आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करणं म्हणजे प्रेम. "घे गं, एकाने काय होतंय?" असं मावशी-काकू सहज म्हणतात. पण ॲलर्जी असलेल्याला एकानेही होतं! तुम्हाला ॲलर्जी असेल, तर भारतात गेल्यावर "नको" एवढंच म्हणू नका. "नको" म्हणजे लाजणं असं समजून लोक आणखी वाढतात. "आवडत नाही" म्हणालात तर "चाखून तर बघ" म्हणतील. म्हणून स्पष्ट सांगा:

"काकू, मला काजू चालत नाहीत. ॲलर्जी आहे. खाल्ले तर दवाखान्यात न्यावं लागेल."

हे बोलणं उद्धटपणाचं नाही. आणि तुम्ही वाढणार असाल, तर आधी हे विचारा:

"यात काजू आहेत. तुला चालतात ना?"

विचारून मग वाढलेला काजू खाणाऱ्याला जास्त गोड लागतो.

शब्दार्थ
स्निग्ध पदार्थ – तेल, तूप, चरबी
जस्त – झिंक
बोंडू – काजूचं रसाळ फळ
गांधी उठणे – अंगावर खाजरे, लाल फुगवटे येणे
जिवावर बेतणे – जीव जाण्याची भीती असणे
आग्रह – प्रेमाने पुन्हा पुन्हा "घ्या" म्हणणे

स्वाध्याय
१. आजीचं म्हणणं का बरोबर आहे? दोन कारणं लिहा.
२. काजूची बी दाताने का फोडू नये?
३. फरक सांगा: 'मला काजू नको', 'मला काजू आवडत नाही', 'मला काजू चालत नाही'.
४. जोडीने संवाद करा: एक जण आग्रह करणारी काकू, दुसरा काजूची ॲलर्जी असलेला पाहुणा.
५. घरी करा: स्वयंपाकघरातल्या तीन पाकिटांवरची यादी वाचा. कशात काजू सापडला? वर्गात सांगा.