कोडिंगमध्ये मन रमत नाही? आयटीत ‘बीए’ची वाट आहे

आयटी म्हणजे कोडिंग, हे समीकरण घराघरांत पक्कं बसलंय. मुलगी प्रोग्रॅमिंगला कंटाळली की आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. पण प्रोग्रॅम लिहिण्याआधी नेमकं काय बनवायचं, हे कुणीतरी विचारून, ठरवून, लिहून ठेवावं लागतं. ते काम बिझनेस अ‍ॅनालिस्टचं, म्हणजेच ‘बीए’चं.

काम काय असतं?

एसटीचं उदाहरण घ्या. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. तिकीट मशीनसाठी ‘महिलांना निम्मं भाडं’ एवढं लिहून भागेल? पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासूनच मोफत प्रवास आहे. मग ऐंशीच्या आजींना कोणती सवलत लावायची? दहा वर्षांच्या मुलीच्या हाफ तिकिटाचं पुन्हा निम्मं करायचं का? गाडी राज्याबाहेर जात असेल तर? भाडं साडेसतरा रुपये आलं तर? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अधिकाऱ्यांकडून मिळवायचं आणि प्रोग्रॅमर व टेस्टर दोघांना एकच अर्थ लागेल असं लिहायचं. ‘मशीन सोपं असावं’ ही नुसती इच्छा झाली. ‘तीन बटणांत तिकीट निघावं’ ही रिक्वायरमेंट, कारण ती तपासता येते.

लिहून सुटका नाही

ग्राहक मत बदलतोच. मग बदलाची नोंद करणं, त्यामुळे काय काय हलेल ते पाहणं, मंजुरी घेणं आणि शेवटी प्रत्येक रिक्वायरमेंटची टेस्ट झाली का ते पडताळणं आलं. पडताळणी चुकली की काय होतं, बघा. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ मध्ये मंगळापाशी पोहोचताच हातचं गेलं. आकडे मेट्रिक एककात हवेत, असं कागदावर लिहिलेलं होतं. पृथ्वीवरच्या सॉफ्टवेअरने ते पाउंडाच्या हिशेबात दिले आणि पडताळणीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिरकाव कसा करायचा?

फ्रेशरला थेट बीएची नोकरी क्वचित मिळते. टेस्टिंग किंवा सपोर्टमध्ये दोन-तीन वर्षं काढून बरेच जण इकडे वळतात. काही एमबीए करून येतात. बँकिंग, विमा, हिशेब यांची जाण असलेल्या कॉमर्सच्या मुलांनाही इथे वाव आहे. एक्सेल, डेटाबेसमधून माहिती काढण्यासाठी एसक्यूएल आणि कामांची नोंद ठेवणारं जिरा हे टूल शिकून घ्या. बीएंना प्रमाणपत्र देणाऱ्या आयआयबीए या संस्थेच्या ईसीबीए परीक्षेला अनुभवाची अट नाही. सीबीएपीला मात्र ७,५०० तासांचा अनुभव लागतो. त्यामुळे कॉलेजातल्या मुलाला सीबीएपीचा महागडा क्लास कुणी विकत असेल, तर सरळ नाही म्हणा.

एआयचं काय?

रिक्वायरमेंटचा मसुदा एआय झटपट लिहून देतं. पण विचारायचं राहून गेलेलं काय आहे आणि निर्णय नेमका कुणाचा, हे ग्राहकाच्या खात्यात बसून माणसालाच शोधावं लागतं.

कल तपासायचाय? मुलाला हॉस्टेलच्या मेसच्या अ‍ॅपसाठी दहा रिक्वायरमेंट लिहायला सांगा आणि त्या मित्राला वाचायला द्या. मित्राने ‘म्हणजे काय?’ विचारलं की ते वाक्य पुन्हा लिहायचं. हे करताना मुलगा वैतागला, तर दुसरी वाट पाहा. रंगला, तर त्याला टेस्टिंगच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करू द्या.