अर्पणाची थैली मोजताना

मी शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाले त्याच वर्षी मंडळीच्या वार्षिक सभेत मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई गणिताच्या आहेत, खजिनदार त्यांनाच करा.” हात वर झाले, टाळ्या पडल्या आणि वह्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर आलं. आमची मंडळी पुण्यातलीच, मराठी, प्रॉटेस्टंट. शंभर-सव्वाशे घरं, त्यातली निम्मी दोन-तीन पिढ्यांपूर्वी नगरकडून आलेली. नाव सांगत नाही. पुढे जे लिहिते आहे ते काही आमच्या एकट्याचं नाही, आणि शिवाय दर रविवारी मला तिथेच जाऊन बसायचं आहे.

सहा वर्षं हे काम केलं. त्यात जे उमगलं ते असं.

१. अर्पण दोघांनी मोजावं, आणि दार उघडं ठेवून मोजावं.

उपासना संपली की वेस्ट्रीतल्या, म्हणजे वेदीलगतच्या खोलीतल्या, टेबलावर मखमलीच्या दोन थैल्या उलट्या करायच्या. नोटांच्या घड्या उलगडायच्या, दहाच्या नाण्यांचे दहा-दहाचे मनोरे रचायचे, लग्नाच्या वाढदिवसाची, आजारातून बरं झाल्याची पाकिटं बाजूला काढायची. एक पन्नासची नोट दर रविवारी चार घड्या घातलेली निघे. कुणाची ते मला माहीत होतं, पण बोलायचं नसतं.

माझ्या आधीचे खजिनदार हे सगळं एकटे करत. अतिशय सरळ माणूस. एका नाताळच्या हिशेबात अडीच हजारांचा फरक निघाला आणि त्यांच्या बाजूने बोलायला एकही साक्षीदार नव्हता. पैसे पुढे सापडले. चुकून दुसऱ्या खात्यात भरले गेले होते. तोवर ते चर्चला यायचे बंद झाले होते. मोजायला दुसरा माणूस लागतो तो चोर पकडण्यासाठी, असं मला आधी वाटायचं. खरं तर तो प्रामाणिक माणसाची अब्रू राखण्यासाठी लागतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मदत पौलानेसुद्धा एकट्याने नेली नाही. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून सोबत माणसं घेतली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय म्हणजे खजिनदाराचं पाठ्यपुस्तकच आहे.

जाता जाता एक. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या लिलावात भोपळ्याला पाच हजार बोलणाऱ्याच्या नावाने टाळ्या वाजतात, ते पैसे मात्र वर्षभर ‘येणे’ या रकान्यात बसून राहतात. टाळ्या पावती फाडल्यावर वाजवाव्यात.

२. देवाचं घर कुणाच्या नावावर आहे ते पाहून ठेवावं.

क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली. साल १७९२. पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेला जागा हवी होती. चर्च कॅथलिक, देणारा हिंदू, आणि त्या पेशव्याचं राज्य त्याच्या पाळण्यापासून सांभाळलं ते बारभाईंनी. आमच्या कमिटीची बैठक लांबली की कुणीतरी म्हणतंच, “हा बारभाईंचा कारभार!” मी म्हणते, बारभाईंनी निदान दप्तर तरी नीट ठेवलं होतं.

आमचं दप्तर मी उघडलं तेव्हा मिळकत पत्रिकेवर परदेशातल्या मिशनचं नाव, आणि विश्वस्तांच्या यादीत पाच नावं. पाचांपैकी तिघांच्या दफनाला मी स्वतः गेलेली. महाराष्ट्रात चर्चचा ट्रस्टही १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येतो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, दरवर्षी लेखापरीक्षण करायचं असतं, आणि धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जागा विकता येत नाही. आम्ही कित्येक वर्षं अर्जच दिला नव्हता. कुणाचा वाईट हेतू नव्हता. दर कमिटीला वाटलं, आधीच्यांनी दिला असेल. पुण्यात मोक्याच्या जागेचा भाव काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर मेलेली माणसं विश्वस्त असली की जिवंत माणसं कोर्टात जातात, आणि मग उपासनेत दोन गट दोन बाजूंच्या बाकांवर बसतात. महाराष्ट्रातल्या किती मंडळ्यांचं अर्पण वकिलांच्या फीमध्ये जिरलं असेल, त्याचा हिशेब वर मागितला जाईल असं मला वाटतं.

३. ज्यांचे फोटो लावतो, ते आज आपल्या कमिटीत चालले असते का, हे विचारावं.

आमच्या हॉलमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा फोटो आहे. ‘उपासनासंगीत’ या आमच्या गीतपुस्तकातली त्यांची गीतं उघडली नाहीत असा रविवार विरळा. पण टिळकांचं पुढचं आयुष्य फोटोखाली लिहिलेलं नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला इथल्या मातीत इथल्याच रीतीने भजावं, मिशनच्या छत्रीखाली नको, हे त्यांचं म्हणणं. दोन वर्षांत ते गेले. दरबार फार टिकला नाही, गीतं टिकली.

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू झाला. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे बाईंना पटेना. मला पटलं पाहिजे, म्हणाल्या. पुढे पुण्यात विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावरून न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार १८९३ साली बाजूला झाले, तरी बाई मागे हटल्या नाहीत. एका बाजूला चर्च नाराज, दुसऱ्या बाजूला गाव नाराज.

मी एकदा बैठकीत विचारलं, “टिळक आज आपले सभासद असते तर?” सेक्रेटरी हसत म्हणाले, “नोटीस काढली असती.” हशा पिकला. त्यानंतरच्याच विषयात आम्ही एका तरुणाला ‘फार प्रश्न विचारतो’ म्हणून उपासना समितीतून वगळलं. माझाही हात वर होता.

४. दुसऱ्याच्या चहाला हसण्याआधी आपला कप पाहावा.

गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचा उंच मनोरा आहे. त्याच मिशनमध्ये १४ ऑक्टोबर १८९० रोजी व्याख्यानानंतर चहा दिला गेला आणि पुण्यात गहजब उडाला. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवली. रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक कप चहा! संडे स्कूलमध्ये ही गोष्ट सांगितली की मुलं पोट धरून हसतात.

पण आमच्यात स्थळ पाहताना “मूळचे कुठले? कोणत्या मिशनचे?” असं जे विचारतात, त्या प्रश्नाच्या पोटात काय असतं ते विचारणाऱ्यालाही माहीत आहे आणि सांगणाऱ्यालाही. एकाच प्रभुभोजनाच्या प्याल्याला ओठ लावणारी दोन घरं सोयरीक म्हटल्यावर मागे सरतात. दलित ख्रिस्ती बांधवांना १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, यावर आम्ही निवेदनं देतो, मोर्चात जातो, जावंच. मात्र त्याच बांधवाला कमिटीच्या अध्यक्षपदासाठी कुणी सुचवलं की “अजून थोडा अनुभव येऊ दे” असं पुटपुटणारे आवाज मी ऐकले आहेत. हा प्रश्न उपदेशाने सुटत नाही. तो मुलामुलींच्या लग्नात सुटतो, तेही एकेक करून.

५. पाळक हा राजा नाही आणि घरगडीही नाही.

माझ्या काळात तीन पाळक झाले. एकाला प्रश्न विचारलेला खपत नसे. “अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये” हे वाक्य ते खिशात तयार ठेवत. दुसरे इतके मऊ, की ज्याने शेवटी फोन केला त्याचं खरं. तिसऱ्यांकडे तीन मंडळ्या होत्या. रविवारी सकाळी सातला एकीकडे, साडेनऊला आमच्याकडे, संध्याकाळी तिसरीकडे. मध्ये आजाऱ्यांच्या भेटी, दफन, शाळेची कमिटी. त्यांच्या बंगल्याचं छत दोन पावसाळे गळत होतं आणि आम्ही त्याच वर्षी नव्या साउंड सिस्टमला मंजुरी दिली. ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने एकदा मला स्वयंपाकघरात नेऊन पातेल्यात साठलेलं पाणी दाखवलं, बस्स. पुढच्या महिन्यात छत झालं. हिशेब पाळकाकडे मागायचा असतो तसा पाळकाच्या वतीनेही मागायचा असतो, हे मला त्या पातेल्याने शिकवलं.

६. एक होण्याला वेळ लागतो; घाई आणि आळस दोन्ही नकोत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली. चाळीसहून अधिक वर्षं! बिशप असावेत की नसावेत, बाळांना बाप्तिस्मा द्यावा की मोठेपणी, अशा प्रश्नांवर जन्म गेले. मोठं मेथडिस्ट चर्च तर शेवटच्या टप्प्यावर बाहेरच राहिलं. माझे वडील सांगत, सह्या झाल्या त्या नाताळात जुन्या स्कॉटिश मिशनवाल्यांना गुडघे टेकायचे की उभं राहायचं कळेना, आणि ते अर्धे वाकून उभे राहिले. कागद एका दिवसात एक होतात, गुडघ्यांना पिढी लागते. आता तरुण मुलं हॉटेलच्या हॉलमधल्या इंग्रजी उपासनांना जातात तेव्हा “मंडळी फोडली” असं ओरडण्याआधी मला ते अर्धे वाकलेले म्हातारे आठवतात. मुलं काय शोधायला गेली ते आम्ही अजून विचारलेलं नाही.

७. बायकांना चहाच्या टेबलावरून वेस्ट्रीत आणावं.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. तिथल्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले, पानं छापली. ते १९२४ मध्ये, बाईंच्या मृत्यूनंतर, पूर्ण प्रसिद्ध झालं. दक्षिण भारतात चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली पुष्पा ललिता यांना बिशप केलं. आणि आमच्या मंडळीत मी पहिली बाई खजिनदार झाले तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ मायेने म्हणाले होते, “चेकवर सही मात्र आम्ही करू, तुम्हाला कशाला त्रास?” त्रास मी घेतला. पहिल्या वर्षी बँकेत तीन खेपा झाल्या, बाकी काही नाही.

८. हिशेब मागण्याचा हक्क आपल्यालाही लागू होतो.

हे सगळ्यात उशिरा शिकले.

माझी मुदत संपली त्या वार्षिक सभेत मी अहवाल वाचला. भिंतीवर पत्रकं लावली होती, लेखापरीक्षकांची सही होती. समाधानाने खाली बसणार, तेवढ्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी उठली. कॉमर्सची. म्हणाली, “बाई, इलेक्ट्रिशियनचं एक हजार आठशे चाळीसचं व्हाउचर आहे, त्यावर पैसे घेणाऱ्याची सही नाही.”

माझे कान तापले. सहा वर्षं फुकट राबले, आणि ही कालची पोर! तोंडात आलं होतं, “माझ्यावर विश्वास नाही का?” अगदी तेच शब्द. माझ्या आधीच्या खजिनदारांच्या तोंडचे, त्या पहिल्या पाळकांच्या तोंडचे. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “बरोबर आहे तुझं. आठ दिवसांत देते.”

घरी येऊन कपाट उपसलं. तिसऱ्या दिवशी ती सही असलेली चिठ्ठी सापडली, माझ्याच उपासनासंगीताच्या पानांत, खूण म्हणून घातलेली. रविवारी वेस्ट्रीत नेऊन दिली. थैल्या टेबलावर उलट्या केलेल्याच होत्या. ती मुलगी आणि नवे खजिनदार, दोघं नाण्यांचे मनोरे रचत होते. तिने चिठ्ठी व्हाउचरला टाचली, मला पोच लिहून दिली आणि पुन्हा मोजायला लागली. मध्येच एक नोट तिने हातात धरली आणि सावकाश उलगडली. पन्नासची, चार घड्यांची.