योगशिबिराला जाताय? आधी हे विचारा

शनिवार-रविवारच्या योगशिबिराला जावं का, असं मला कोणी विचारलं तर मी ‘जरूर जा’ असंच सांगते. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकांना काही प्रश्न विचारा, आणि त्यातला पहिला प्रश्न श्वासाविषयीचा असू द्या. अशा शिबिरांत आसनं, प्राणायाम आणि ध्यान असा तिहेरी कार्यक्रम असतो. आसनात काही चुकलं तर गुडघा किंवा कंबर तिथल्या तिथे कुरकुरते. श्वासाचं तसं होत नाही. त्याचा वेग आपल्याला सोसत नसला तरी सुरुवातीला हलकं, छान वाटत राहतं. आजूबाजूचे सगळे करताहेत म्हणून आपणही करत राहतो. मला त्रास झाला तो याच टप्प्यावर. तो इतरांना होऊ नये, म्हणून सगळं तपशिलात सांगते आहे.

कर्जतच्या बाजूला एका रिसॉर्टवर हे शिबिर होतं. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी गेलो होतो. घराजवळच्या योगवर्गाला मी बरीच वर्षं जाते, त्यामुळे सूर्यनमस्कार, अनुलोम-विलोम, भ्रामरी अंगवळणी पडलेलं आहे. जाऊ नवखी, आणि तिला रक्तदाबाची गोळी चालू. नोंदणी करताना नाव, फोन नंबर आणि जेवणाची पथ्यं विचारली गेली. आजार, औषधं, शस्त्रक्रिया यांबद्दल कोणी काही विचारलं नाही.

सकाळचा आसनांचा तास चांगला झाला. दुपारी मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना मॅटवर उताणं झोपवलं, डोळ्यांवर पट्ट्या दिल्या आणि ढोलाच्या ठेक्यावर मोठ्या आवाजात संगीत लावलं. तोंडाने खोल श्वास घ्यायचा आणि लगेच सोडायचा, दोन श्वासांच्या मध्ये जराही थांबायचं नाही, असं पाऊण तास करायचं होतं. थोड्या वेळाने माझ्या ओठांना मुंग्या आल्या, मग बोटांना. पुढे दोन्ही अंगठे तळहातात ओढले गेले, मनगटं आत वळली आणि बोटं सरळ करता येईनात. मी मदतनीस मुलीला हाक मारली. ती कानाशी येऊन म्हणाली, “खूप छान चाललंय मॅम. ऊर्जा मोकळी होतेय. थांबू नका.”

मी थांबले. तोंड मिटलं, नाकाने सावकाश श्वास घेतला आणि त्याहून सावकाश सोडला. काही मिनिटांत बोटं सुटली. तेवढ्यात शेजारी जाऊ उठून बसायला लागली. “ताई, मला गरगरतंय,” म्हणाली. तिला धरून कुशीवर झोपवलं. पलीकडच्या मॅटवर एक तरुण मुलगा हमसून हमसून रडत होता. “येऊ दे, सगळं बाहेर येऊ दे,” असं त्याला सांगून शिबिर घेणारे गृहस्थ पुढे गेले. नंतर सगळ्यांना गोलात बसवून अनुभव सांगायला लावले. मी हातांचं सांगितलं, तेव्हा ‘तुमच्या मनात प्रतिकार आहे’ असं उत्तर मिळालं. तो मुलगा काहीच बोलला नाही. रात्री तो जेवायलाही आला नाही. आम्ही दोघी त्याच्याजवळ जाऊन बसलो, त्याला ताक-भात खायला लावला आणि घरच्यांना फोन करायला लावला. हे काम आयोजकांचं होतं.

माझ्या हातांना जे झालं त्याचं कारण वैद्यकात स्पष्ट आहे. आपण स्वस्थ बसलेलो असताना मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्यामुळे एका ठरावीक पातळीवर राहतो. खोल आणि भरभर श्वास चालू ठेवला की हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्ताची आम्लता कमी होते. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं, डोकं हलकं वाटतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, त्यामुळे मज्जातंतू चेतावतात, मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. श्वास संथ झाला की हे सगळं आपोआप ओसरतं. ‘जास्त ऑक्सिजन मिळतो’ हा या प्रकाराच्या बाजूने सांगितला जाणारा मुद्दाही टिकत नाही. करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, तेव्हा निरोगी माणसाचा आकडा शांत बसल्या बसल्याही ९५ च्या वर असतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यात आणखी भर पडायला जागाच फार थोडी असते.

बहुतेकांना यातून कायमची इजा होत नाही. पण सगळ्यांचं शरीर सारखं नसतं. मेंदूचा आलेख काढताना फिट येण्याची प्रवृत्ती दिसावी म्हणून डॉक्टर रुग्णाला मुद्दाम काही मिनिटं भरभर श्वास घ्यायला लावतात. म्हणजे ज्याला फिट्सचा त्रास आहे त्याच्यासाठी हा प्रयोग किती धोक्याचा, ते वेगळं सांगायला नको. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गर्भारपण, काचबिंदू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा मानसिक आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं काही करू नये.

हे तंत्र प्राणायाम म्हणून खपवलं जातं, तेही नीट समजून घ्यायला हवं. संगीताच्या साथीने, आडवं पडून, भरभर श्वास घेण्याची एक प्रसिद्ध पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ स्टॅनिस्लाव ग्रॉफ आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टिना यांनी बसवली. तिचं नाव होलोट्रॉपिक ब्रीदवर्क. त्या मूळ पद्धतीतसुद्धा श्वास घेणाऱ्या प्रत्येकाजवळ एक जोडीदार पूर्ण वेळ बसलेला असतो, आणि कोणी यात भाग घेऊ नये याची यादी असते. आमच्याकडच्या शिबिरात त्यातलं संगीत तेवढं आलं होतं. जोडीदार आणि यादी दोन्ही गाळलेली होती.

आपल्या परंपरेचा कल तर थेट उलट्या दिशेचा आहे. पतंजलींनी प्राणायाम आसनानंतर ठेवला. आसन स्थिर झाल्यावर मग श्वास. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या अध्यायात श्वास हळूहळू ताब्यात आणायला सांगितलं आहे, आणि चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे यांची दुखणी होतात असा इशाराही तिथेच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, ते योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्यासाठी. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांच्या परंपरेत आधी आसनांचा पाया घालतात, आणि प्राणायामाची सुरुवात छातीखाली घडी घातलेलं ब्लँकेट घेऊन, आडवं पडून, नुसता श्वास न्याहाळण्यापासून होते. आयुष्य या विषयात घालवलेल्या माणसांना जिथे घाई करावीशी वाटली नाही, तिथे शनिवारी दुपारी नवख्या माणसाला पाऊण तास धापा टाकायला लावण्याचं कारण काय?

त्याच शिबिरात रविवारी सकाळी एक वयस्कर सर आले होते. त्यांनी मॅट पसरायच्या आधी विचारलं, “बीपी कोणाला आहे? डोळ्यांचं ऑपरेशन? हर्निया? पाळी चालू असेल, दिवस गेले असतील, तर नंतर मला एकटीने येऊन सांगितलंत तरी चालेल.” जाऊने हात वर केला. कपालभातीच्या वेळी तिला त्यांनी साधा संथ श्वास दिला आणि श्वास रोखायचा नाही असं बजावलं. बाकीच्यांकडूनही वीस झटके, मग पूर्ण विश्रांती, अशीच आवर्तनं करून घेतली. पुढे चार अंकांचा पूरक, सहा अंकांचा रेचक, मग भ्रामरी आणि थोडा वेळ शांत बसणं. श्वास सोडण्याचा काळ लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि मनही त्यामागोमाग निवतं. त्या तासानंतर सगळे मोकळेपणाने हसत-बोलत होते. शिबिर कसं असावं ते मला त्या तासाने शिकवलं. पुढच्या सूचना त्यातूनच आल्या आहेत.

पैसे भरण्याआधी

शिकवणारे कोण, कुठे शिकले, किती वर्षं शिकवताहेत, हे विचारा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत. नामांकित संस्थांचे अभ्यासक्रम आहेत. प्रमाणपत्र असलं म्हणजे झालं असं नव्हे, पण प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाकडे जाऊ नये.

श्वासाच्या सत्रात नेमकं काय असेल, किती वेळ असेल, हे विचारा. ‘ते अनुभवायचं असतं, सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर नाव नोंदवू नका.

आरोग्याची माहिती घेणार का? किती जणांमागे एक मदतनीस असेल? जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे? हे प्रश्न फोनवर दोन मिनिटांत विचारून होतात. आणि फॉर्म नसला तरी आपले आजार, औषधं आणि घरच्यांचा नंबर एका कागदावर लिहून शिक्षकांच्या हातात द्या.

शिबिरात

गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. ‘इथे आलात की औषध सुटेल’ असं कोणीही सांगितलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. मनाच्या आजाराची तर नाहीच नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटीच्या सत्राआधी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवावी. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास तरी आसनं आणि जोराचा श्वास नको.

आसनांत ताण जाणवावा, कळ येऊ नये. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन अशी डोकं खाली करण्याची आसनं टाळा. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीपर्यंत वाढू शकतो. मानेचं दुखणं असेल तरीही हाच नियम. शिक्षक पाठीवर भार देऊन वाकवायला आले तर ‘नको’ म्हणा. हात लावण्याआधी विचारणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

श्वास नाकाने घ्या, आणि वेग स्वतःच्या हाती ठेवा. मुंग्या, गरगरणं, छातीत धडधड यातलं काहीही झालं की त्याच क्षणी थांबा. कोणाची परवानगी लागत नाही. रिसॉर्टवर तलाव असतो म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते: भरभर श्वास घेतल्यानंतर पाण्यात बुडी मारू नका, श्वास रोखण्याच्या पैजा तर मुळीच लावू नका. श्वास घ्यायची उबळ कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते. तो आधीच कमी झालेला असला की उबळ येण्याच्या आत माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो. चांगल्या पोहणाऱ्यांचेही असे जीव गेले आहेत.

ध्यानाला बसल्यावर मन अस्वस्थ झालं, जुनं दुःख वर आलं, तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या वस्तूंकडे पाहा, उठून चक्कर मारून या. रडू येणं वाईट नाही. रडणाऱ्याला एकटं सोडणं वाईट आहे.

परत आल्यावर

रविवारी रात्री घाटातली गाडी दमलेल्या माणसाने चालवू नये. दुसऱ्या दिवसापासून सगळा कार्यक्रम घरी करायला जाऊ नका. थोडे सूक्ष्म व्यायाम, दोन-चार आसनं, पाच मिनिटं संथ श्वास आणि पाच मिनिटं स्वस्थ बसणं, एवढं रोज जमलं तरी शिबिराचे पैसे वसूल झाले. माझी जाऊ आता आमच्या वर्गाला येते. रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि तिचे डॉक्टर सांगतील तोवर चालूच राहील. शिबिरानंतर झोप उडाली, भीती वाटत राहिली, मन ठिकाणावर राहीना, तर ‘शुद्धी चालली आहे’ असं म्हणून वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जा.

शेवटचं सांगणं शेजारच्या मॅटवरच्या माणसासाठी. कोणाची बोटं आखडली, कोणी धापा टाकू लागलं, तर शिक्षकांची वाट न पाहता त्याच्याजवळ जा. तोंड मिटायला सांगा, आपल्याबरोबर सावकाश श्वास सोडायला लावा, गरगरत असेल तर कुशीवर झोपवा. तोंडाला पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नका. दमा किंवा हृदयविकार असेल तर तो जिवावर बेतू शकतो. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, बोलणं अडखळत असेल किंवा अंगाची एक बाजू लुळी वाटत असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. सत्रात व्यत्यय येईल, संगीत बंद करावं लागेल, लोक नाराज होतील. होऊ द्या. त्या हॉलमध्ये आलेला प्रत्येक माणूस बरं वाटावं म्हणून आलेला असतो, आणि तो धडधाकट घरी जाईल हे पाहणं सगळ्यांचंच काम आहे.