वाकलेला कणा आणि वाढीचे वय

शाळेच्या गणवेशाचे माप घेताना शिंप्याला मुलीचा एक खांदा खाली उतरलेला दिसतो. वेणी घालताना एका बाजूचा फरा अधिक वर आल्याचे आईच्या लक्षात येते. पाठीच्या कण्याची बाजूकडील वक्रता, म्हणजेच स्कोलिओसिस, पुष्कळदा अशीच घरच्या माणसांच्या नजरेस प्रथम पडते. त्यानंतर सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. कुणी दप्तराच्या ओझ्याला दोष देतो, कुणी पोहायला घाला म्हणतो. अमेरिकेतील नातलग कायरोप्रॅक्टरचे नाव सुचवतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘कट्’ असा आवाज होऊन क्षणात सरळ झालेल्या पाठी दिसू लागतात. शस्त्रक्रिया टळावी ही पालकांची इच्छा अगदी रास्त आहे. ती टाळण्यासाठी खरोखर काय उपयोगी पडते आणि काय पडत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्याधीचे स्वरूप

कणा मागून पाहिला असता सरळ रेषेत दिसावा. तो एका बाजूस झुकतो आणि त्याचबरोबर मणके स्वतःभोवती किंचित वळतात, तेव्हा त्यास स्कोलिओसिस म्हणतात. हा केवळ बसण्या-उभे राहण्याच्या सवयीचा दोष नव्हे. अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञ जॉन कॉब यांनी 1948 मध्ये मांडलेल्या पद्धतीने क्ष-किरण चित्रावर वक्रतेचा कोन मोजतात. तो 10 अंश किंवा अधिक असल्यास निदान पक्के होते. 10 ते 18 वर्षे वयोगटातील शंभरांपैकी सुमारे दोन-तीन मुलांत अशी वक्रता आढळते. सौम्य वक्रता मुलगे व मुली यांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात असते, परंतु ती वाढत जाण्याचे प्रमाण मुलींमध्ये कितीतरी अधिक असते. बहुसंख्य रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. दप्तराच्या वजनामुळे वा एका कुशीवर झोपल्यामुळे ही व्याधी होते, यास आधार नाही. म्हणून आईबापांनी स्वतःस दोष देण्याचे कारण नाही.

वक्रता वाढते ती मुख्यतः उंची वाढण्याच्या काळात. वाकलेल्या कण्यात मणक्याच्या आतल्या बाजूवर दाब अधिक पडतो आणि तेथील वाढ मंदावते. बाहेरची बाजू मात्र वाढत राहते. परिणामी मणका पाचरीसारखा होत जातो आणि वक्रता आणखी वाढते. हे दुष्टचक्र ध्यानात घेतले की पुढील सारे विवेचन सोपे होते.

कायरोप्रॅक्टिकचा दावा

या पद्धतीचा आरंभ 1895 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट येथे झाला. डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नामक गृहस्थांच्या पाठीचा मणका हाताने दाबला आणि त्यांची गेलेली श्रवणशक्ती परत आली, असे पामर यांचे म्हणणे होते. मणके जागचे सरकल्याने मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो व त्यातून रोग उद्भवतात, हा त्यांचा मूळ सिद्धान्त. आज अमेरिका, कॅनडा आदी देशांत हा परवानाधारक व्यवसाय आहे. प्रौढांच्या साध्या कंबरदुखीत हाताने केलेल्या अशा उपचाराने काहींना आराम पडतो. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांतही कंबरदुखीच्या औषधाविना उपचारांत त्याचा समावेश आहे. हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु दुखणे कमी होणे वेगळे आणि वाढत्या मुलीच्या कण्याची वक्रता कमी होणे वेगळे. दाब दिल्यावर येणारा आवाज हा सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याचा असतो, मणका जागेवर बसल्याचा नव्हे. शिवाय पाचरीसारखा वाढलेला मणका हा ‘सरकलेला’ मणका नाहीच. क्षणभराच्या दाबाने हाडाचा आकार बदलत नाही.

पुरावा काय सांगतो?

या प्रश्नाचा प्रामाणिक शोध खुद्द कायरोप्रॅक्टिक क्षेत्रातील अभ्यासकांनीही घेतला, ही उल्लेखनीय गोष्ट आहे. 2001 मध्ये त्यांच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 6 ते 12 वर्षांच्या, 6 ते 20 अंश वक्रता असलेल्या 42 मुलांवर वर्षभर उपचार करण्यात आले. वक्रतेवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच नोंदवला. 2006 मध्ये अशा उपचारांची तुलना करण्याचा एक प्राथमिक प्रयत्न झाला; त्यात रुग्ण होते अवघे सहा.

मग ‘आमच्या नात्यातल्या मुलीला गुण आला’ असे अनुभव कसे येतात? सांगणारे खोटे बोलत नसतात. उत्तर आकड्यांत आहे. लोन्स्टाइन व कार्लसन यांनी 1984 मध्ये 727 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. वक्रता 19 अंशांपर्यंत आणि हाडांची वाढ बरीचशी पुढे गेलेली असल्यास शंभरांत दोघांचीही वक्रता वाढली नाही. अशा शंभर मुलींना कोणताही उपचार दिला, किंवा काहीच दिले नाही, तरी अठ्ठ्याण्णव जणींना ‘गुण’ येणारच. याउलट वक्रता 20 ते 29 अंश आणि हाडांची वाढ अद्याप बरीच शिल्लक असल्यास 68 टक्के रुग्णांत ती वाढली. खरी कसोटी या दुसऱ्या गटाची असते.

क्ष-किरण चित्रे ‘आधी’ व ‘नंतर’ अशी शेजारी ठेवून दाखवली जातात, तेव्हाही सावध असावे. कोन मोजण्यातच सुमारे 5 अंशांचा फरक पडू शकतो. उभे राहण्याची ढब बदलली तरी कोन बदललेला दिसतो.

शस्त्रक्रियेवाचून काय साध्य होते?

पहिला उपाय नियमित निरीक्षण. वाढीच्या वयात सौम्य वक्रता दर चार ते सहा महिन्यांनी तपासावी. हे ‘काहीच न करणे’ नव्हे.

दुसरा उपाय ब्रेस, म्हणजे धडास घट्ट बसणारा पट्टा. वाढ शिल्लक असून वक्रता साधारणतः 25 ते 40 अंश असल्यास तो सुचवला जातो. त्याच्या उपयुक्ततेविषयी पूर्वी तज्ज्ञांतही मतभेद होते. 2013 मध्ये अमेरिका व कॅनडातील 25 केंद्रांत 242 मुलांवर झालेल्या अभ्यासाने ते बव्हंशी मिटवले. ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांत वाढ पूर्ण होईपर्यंत वक्रता 50 अंशांखाली राहिली. केवळ निरीक्षणाखालील मुलांत हे प्रमाण 48 टक्के होते. दिवसाकाठी सुमारे 13 तास वा अधिक काळ ब्रेस घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण 90 टक्क्यांवर गेले. ब्रेसला यश येते ते तासांच्या हिशेबाने. आपल्या उन्हाळ्यात तो घालून वावरणे कष्टाचे असते. आत सुती, बिनशिवणीची बनियन, त्वचेची रोजची काळजी आणि घरच्यांचा धीर यांवाचून ते तास भरत नाहीत.

तिसरा उपाय विशिष्ट व्यायाम. जर्मनीतील काथारीना श्रोथ यांना स्वतःला स्कोलिओसिस होता. त्यांनी 1921 पासून श्वसन व स्नायूंच्या साहाय्याने कणा सावरण्याची पद्धत विकसित केली. 2016 मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झालेल्या 50 रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांस सहा महिने या व्यायामांची जोड दिल्यावर अल्प पण मोजता येण्याजोगा लाभ दिसला. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून ते शिकावेत. गरज असेल तेथे ते ब्रेसच्या जोडीला असावेत, त्याच्या ऐवजी नव्हे.

वक्रता 45-50 अंशांपुढे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. कारण 50 अंशांपुढील वक्रता वाढ थांबल्यानंतरही हळूहळू वाढू शकते.

पालकांसाठी आणि कुटुंबवैद्यांसाठी

विल्यम अ‍ॅडम्स यांनी 1865 मध्ये वर्णिलेली तपासणी घरीही करता येते. मुलास पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात मोकळे सोडून पुढे वाकण्यास सांगावे व मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसल्यास डॉक्टरांस दाखवावे. वयाच्या दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान वर्षातून एकदा एवढे केले तरी पुरे. कुटुंबवैद्यांनी मुलीची पाळी केव्हा सुरू झाली हे अवश्य विचारावे. तीवरून शिल्लक वाढीचा अंदाज येतो.

पुढील लक्षणे असल्यास हाताने कण्यास झटका देणारा कोणताही उपचार करू नये व तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे: दहा वर्षांआधी दिसलेली वक्रता, रात्री जागे करणारी वेदना, पायांत अशक्तपणा, लघवीवरील ताबा जाणे, छातीच्या भागात डावीकडे झुकलेला कणा, कण्यावर केसांचा झुपका वा अंगावर अनेक तपकिरी चट्टे. यामागे मज्जारज्जूचा विकार वा गाठ असू शकते. वारंवार क्ष-किरण चित्रे काढण्याचा आग्रहही टाळावा. वाढत्या मुलींच्या स्तनांस होणारा किरणोत्सर्ग कमी व्हावा म्हणून चित्र पाठीमागून किरण सोडून घ्यावे.

अकरा-बारा वर्षांच्या मुलीची उंची झपाट्याने वाढत असते. पाळी सुरू झाल्यानंतर साधारण दोन वर्षांत ती वाढ बहुतांशी संपते. ब्रेसला काम करता येते ते एवढ्याच अवधीत. कायरोप्रॅक्टिकच्या बैठकांनी अशा मुलीचे मोठे नुकसान होते ते दाबामुळे क्वचित, गेलेल्या महिन्यांमुळे अधिक. कुणास अशा बैठकांनी पाठीस बरे वाटत असेल, तर आपल्या अस्थितज्ज्ञांस त्याची कल्पना द्यावी, परंतु तपासणीची तारीख चुकवू नये आणि ब्रेस काढून ठेवू नये.

सौम्य वक्रता असलेली मुलगी खेळू शकते, नाचू शकते, पुढे संसार व मातृत्वही निभावू शकते. तिच्या पाठीविषयी घरात कुजबूज नको. वाढीची वर्षे थोडी असतात. ती योग्य उपचारांच्या पदरी पडावीत, एवढेच सांगणे.