तुफान जातं, भराव राहतो

कोळीवाड्यांत आपत्ती-सज्जतेच्या बैठका घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. उरण, वरळी, पार डहाणूपर्यंत. त्यातून मनात पक्कं झालेलं हे थोडं.

१. तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याला, ‘कशाची भीती वाटते?’ असं विचारू नये. ‘कशाचीच नाही’ हेच उत्तर येतं. ‘कुठल्या वाऱ्यात होडी काढत नाही? परतताना जीव कुठे मुठीत धरता?’ असं विचारलं की तो तासभर बोलतो. आणि बोलतो ते खोल दर्याबद्दल कमी, बंदराच्या तोंडाबद्दल जास्त: खडक, पाण्याची ओढ, साचलेला गाळ. त्याच्या लेखी धोका घराच्या वाटेवर असतो.

२. वरळीच्या क्लीव्हलँड बंदराचा वाद यामुळेच नीट समजून घ्यायला हवा. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. नकाशावर होडी त्यातून सहज जाते. मच्छीमारांनी मात्र १६० मीटर मागितले. वाऱ्यात आणि ओहोटीच्या ओढीत होडी आडवी सरकते, समोरून दुसरी आली तर बाजूला व्हायला जागा लागते, इंजिन बंद पडलं तर सावरेपर्यंत ती वाहत जाते. काम अडवून धरल्यावर १२० मीटरवर तोडगा निघाला. लोक या मागणीला ‘भावना’ म्हणाले, याचं मला आजही वाईट वाटतं. ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यात घेतलेलं मोजमाप होतं.

३. कोळी इशारे ऐकत नाहीत, हे खरं नाही. नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही; समुद्रात गेलेले कित्येक खलाशी तेव्हा परतले नाहीत. पण ऐन हंगामात होडी परत बोलावली की डिझेल आणि बर्फाचा खर्च नाखव्याच्या, म्हणजे होडीमालकाच्या, अंगावर पडतो. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही चक्रीवादळं पाठोपाठ आली, तेव्हा दिवसामागून दिवस असेच गेले. इशाऱ्याबरोबर या खर्चाचंही बोलावं.

४. बायकांची बैठक वेगळी घ्यावी. वाळवणाची जागा, बाजारातला ओटा, खाडीतली कालवं हे विषय पुरुषांच्या बैठकीत निघतच नाहीत.

५. तुफानाला तारीख असते. पंचनामा होतो, उशिरा का होईना मदत येते. खाडीत टाकलेल्या भरावाला तारीख नसते. तिवरं जातात, खाडीचं तोंड अरुंद होतं, जाळ्यात येणारं म्हावरं वर्षागणिक घटतं. पंचनामा कुठल्या दिवसाचा करायचा? उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी हे हरित न्यायाधिकरणापुढे मांडलं. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई देण्याचा आदेश दिला. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट रक्कम वाटत नाही. सावकाश झालेलं नुकसानही नुकसानच आहे, हे कागदावर आलं.

६. प्रकल्पाचा धोका पहिला दगड पडण्याआधीच सुरू होतो. वाढवण बंदराला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मधल्या काळात तिथली मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. बंदर होणार की नाही, हेच माहीत नसताना नव्या होडीसाठी कर्ज काढायचं का? मुलाला डोल जाळं टाकायला शिकवायचं की शहरात नोकरीला धाडायचं? आमच्या बैठकांच्या प्रश्नावलीत वादळ, पूर, लाटा यांचे रकाने होते, या अनिश्चिततेचा नव्हता. पुढे मी शेवटचा प्रश्न म्हणून घालू लागले: येत्या पाच वर्षांत नवी होडी बांधणार का? सगळ्यांत लांब उत्तरं त्याच प्रश्नाला येतात.