सर्व्हर बिघडला? अंदाज नको, त्यालाच विचारा!



आजकाल बऱ्याच शाळांमध्ये एखादे तंत्रस्नेही शिक्षक किंवा हौशी पालक शाळेची छोटीशी वेबसाइट सांभाळतात. निकाल, सूचना, सहलीची संमतीपत्रं, स्नेहसंमेलनाचे फोटो असं सगळं तिच्यावर असतं. आणि एके दिवशी ती बिघडते. मग काय होतं? कुणी म्हणतं नेट स्लो आहे, कुणी म्हणतं व्हायरस आहे. कुणी इंटरनेटवर सापडलेल्या चार ओळी सेटिंगच्या फायलीत घालून बघतं. एकाऐवजी पाच बिघाड होतात आणि मूळ कारण शेवटपर्यंत कळत नाही.

आजच्या पाठात आपण एकच सवय शिकणार आहोत. सर्व्हरच्या सेटिंगबद्दल शंका आली की पानातच दोन-तीन ओळींचा कोड घालून सर्व्हरलाच प्रश्न विचारायचा, उत्तर वाचायचं आणि मगच हात लावायचा. प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनीही वाचावं, अवघड काही नाही.

(फायलींची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लिपीतच टाइप करायची.)

आधी थोडी ओळख

वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान काढून देणारा प्रोग्राम. अपाची हा त्यातला प्रसिद्ध सर्व्हर १९९५ सालचा. त्याच वर्षी जूनमध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी सर्वांसाठी खुली केली. स्वतःचं पान किती जण बघतात हे कळावं म्हणून त्यांनी ती छोटी साधनं आधी तयार केली होती. आज मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो ते पीएचपीतच लिहिलेलं आहे. मूडलही तसंच.

पीएचपीची गंमत अशी, की ती पानाच्या मजकुरातच लिहिता येते. सर्व्हर पान पाठवण्याआधी तेवढा भाग चालवतो आणि त्याजागी फक्त उत्तर ठेवतो. ब्राउझरला कोड दिसत नाही, उत्तर दिसतं. म्हणजेच तो कोड सर्व्हरच्या घरात बसून बोलतो. म्हणूनच घरातली खबर त्याला विचारायची.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना हे समजावायला नहर-ए-अंबरीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली ही नहर डोंगराकडचं पाणी जमिनीखालून उताराने शहरात आणत असे. वाटेत ठिकठिकाणी आत डोकावता येईल अशी तोंडं ठेवलेली. शेवटच्या हौदात पाणी आलं नाही तर सगळी नहर उकरायची गरज नाही. या तोंडाशी पाणी आहे, पुढच्या तोंडाशी नाही, म्हणजे अडथळा या दोघांच्या मध्ये! आपला दोन ओळींचा कोड म्हणजे असंच एक तोंड.

एक उदाहरण घेऊ

समजा, शाळेची सहल वेरूळ-दौलताबादला निघाली आहे. शाळेने ऑनलाइन संमतीपत्र ठेवलं. त्यात मुलाचं नाव, पालकांची संमती, मुलाला काही आजार किंवा ॲलर्जी असल्यास तिची नोंद, आणि शेवटची तारीख. आता यातला एकेक बिघाड बघा. हे नुसते तांत्रिक घोळ नाहीत. "शेंगदाण्याची ॲलर्जी आहे" या वाक्याच्या जागी प्रश्नचिन्हं जमा झाली, तर सहलीच्या दिवशी डबे उघडताना सोबतच्या बाईंना ते कसं कळणार?

बिघाड १ : पान कोरंच दिसतं

पहिला प्रश्न: कोड चालतोय का? 'तपासणी' अशा अर्थाच्या नावाची पीएचपी फाइल करा आणि 'एको' आज्ञेने फक्त आजची तारीख छापा. तारीख दिसली तर पीएचपी जागी आहे. नाही दिसली तर दोन गोष्टी बघा.

एक, ॲड्रेस बारमध्ये काय आहे? फाइलवर डबल-क्लिक करून उघडली असेल तर तिथे 'फाइल' हा शब्द दिसेल. याचा अर्थ सर्व्हरला कुणी विचारलंच नाही! लॅबमधल्या झॅम्पवर फाइल 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये ठेवून 'लोकलहोस्ट'वरूनच उघडायची.

दोन, पानाचा सोर्स उघडा. तिथे आपला कोड जसाच्या तसा दिसला, तर अपाचीला पीएचपी जोडलेलीच नाही. हे ताबडतोब दुरुस्त करा, कारण डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेली फाइलही अशीच उघडी पडते.

आणि '५००' क्रमांकाची चूक आली तर? तेव्हा बहुतेक वेळा आपला कोड उत्तर देण्यापर्यंत पोचतच नाही. 'एचटीॲक्सेस' फायलीत एक शब्द चुकला तरी असं होतं. अशा वेळी अपाचीची एरर लॉग फाइल उघडायची आणि सर्वांत शेवटची ओळ वाचायची. पाणी पहिल्या तोंडापर्यंतच आलं नसेल, तर दुसऱ्या तोंडात डोकावून काय उपयोग?

बिघाड २ : मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

हा आपला मराठी शाळांचा खास त्रास. यासाठी एक सुंदर मोजपट्टी आहे. 'संभाजीनगर' हा शब्द घ्या. मुलांना विचारा, यात अक्षरं किती? ती म्हणतील सहा: सं, भा, जी, न, ग, र. युनिकोडच्या हिशोबात मात्र अनुस्वार, काना आणि वेलांटी वेगळे मोजतात, म्हणून ९. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून २७ बाइट.

६, ९ आणि २७. हे तीन आकडे फळ्यावर लिहून ठेवा. पीएचपीमध्ये 'एसटीआर-लेन' बाइट मोजतं आणि 'एमबी-एसटीआर-लेन' चिन्हं मोजतं.

आता फॉर्ममध्ये हाच शब्द भरा आणि दोन ठिकाणी बाइट मोजा. फॉर्ममधून आल्याबरोबर एकदा, आणि डेटाबेसमधून परत वाचल्यावर एकदा.

- दोन्हीकडे २७: मजकूर सुखरूप आहे, दोष फक्त दाखवण्यात आहे.
- आधी २७ आणि नंतर ९: नऊ चिन्हांची नऊ प्रश्नचिन्हं झाली. दोष डेटाबेसच्या बाजूला आहे.
- नंतर २७ पेक्षा बरेच जास्त: मजकुराचं दोनदा रूपांतर झालं. अशा वेळी पानावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं दिसतात.

दुसऱ्या प्रकारात घाईने काही पुसू नका. डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीचा कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८-एमबी४' करा आणि तीच जुनी नोंद पुन्हा वाचा. आता २७ आले तर डेटा आत शाबूत होता, वाचतानाच बिघडत होता. अजूनही ९ च आले, तर आत खरोखर प्रश्नचिन्हंच साठली आहेत. ती परत मिळणार नाहीत. मग पालकांना फोन करून माहिती पुन्हा घ्यायची, दुसरा मार्ग नाही. हे सहलीच्या आधी कळणं किती महत्त्वाचं आहे ते बघा!

दोष दाखवण्यात असेल तर आणखी एक तपासणी. एकच मराठी ओळ दोन फायलींत लिहा, एक साधी एचटीएमएल आणि एक पीएचपी. पीएचपीचं पान नीट दिसलं आणि एचटीएमएलचं बिघडलं, तर अपाचीची 'ॲड-डीफॉल्ट-कॅरसेट' ही सेटिंग बघा. पीएचपी ५.६ पासून स्वतःहून यूटीएफ-८ सांगते, पण साध्या पानाबद्दल अपाची बोलतो. पानाच्या आत 'मेटा'मध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं असलं, तरी सर्व्हरने पानासोबत पाठवलेल्या सूचनेपुढे त्याचं चालत नाही.

बिघाड ३ : वेळ चुकते

बरोबर सकाळी ११ वाजता तपासणीच्या पानावर सर्व्हरची वेळ छापा. फरकच सांगतो कोण चुकलंय ते.

- ५:३० दिसले: सर्व्हर यूटीसी वेळेवर आहे. पीएचपीला काहीच सांगितलं नाही तर ती हीच वेळ धरते.
- ६:३० किंवा ७:३० दिसले: बर्लिनची वेळ! झॅम्पसोबत येणाऱ्या सेटिंगमध्ये 'युरोप/बर्लिन' लिहिलेलं असतं. तिकडच्या हिवाळ्यात ६:३० आणि उन्हाळ्यात ७:३०.

उपाय एका ओळीचा: 'डेट-टाइमझोन' या सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता'. पण परिणाम छोटा समजू नका. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर रात्री १२ ला बंद होणारा फॉर्म आपल्याकडे पहाटे ५:३० पर्यंत उघडा राहतो. पहाटे ५ ला फॉर्म भरणाऱ्या आईच्या नोंदीवर कालची तारीख पडते. डेटाबेसचं घड्याळ वेगळं असू शकतं, म्हणून त्यालाही वेगळं विचारा.

बिघाड ४ : २५ फोटो पाठवले, २० च आले

सहलीनंतर बाईंनी २५ फोटो एकदम चढवले. बरोबर २० पोचले. नेटचा दोष असता तर आकडा कधी १७, कधी २२ आला असता. आकडा दर वेळी तोच असेल तर समजा, कुठेतरी मर्यादा लिहिलेली आहे. पीएचपीच्या मूळ मर्यादा अशा: एका वेळी २० फायली, एक फाइल २ एमबी आणि संपूर्ण फॉर्म मिळून ८ एमबी.

तिसरी मर्यादा ओलांडली की फसगत होते. फोटो तर जातातच, पण सोबत भरलेलं नाव, इयत्ता सगळंच रिकामं पोचतं. पालक म्हणतात "आम्ही भरलं होतं", शाळा म्हणते "आलंच नाही", आणि दोघंही खरं बोलत असतात!

तुमच्या सर्व्हरवर हे आकडे बदललेले असू शकतात. म्हणून 'आयएनआय-गेट' या आज्ञेने तिन्ही आकडे छापून बघा.

बदल केला, पण फरक पडत नाही?

'पीएचपीइन्फो' ही एकच आज्ञा लिहिली की सर्व्हर आपली पूर्ण कुंडली मांडतो. त्यात 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' ही ओळ शोधा. एका संगणकावर पीएचपीच्या सेटिंगच्या दोन-तीन फायली असू शकतात, आणि आपण भलतीच फाइल बदलत बसलेलो असू शकतो. सर्व्हर खरोखर वाचतो ती फाइल कोणती, हे ही ओळ सांगते. ती बदला, अपाची बंद करून पुन्हा चालू करा आणि तोच प्रश्न परत विचारा. एका वेळी एकच बदल. दोन केले तर कशाने बरं झालं ते कळत नाही.

काम झालं की झाकण लावा

हा मुद्दा वगळू नका. 'पीएचपीइन्फो'ची फाइल सर्व्हरवर तशीच राहिली, तर आवृत्ती, फोल्डरचे पत्ते आणि कधी कधी पासवर्डसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. त्या सर्व्हरवर आपल्या मुलांची नावं, पत्ते आणि आजारांच्या नोंदी आहेत. तपासणी संपली की फाइल पुसून टाका. चुका पडद्यावर दाखवणारी 'डिस्प्ले-एरर्स' सेटिंग लॅबमध्ये चालू ठेवा, पण खऱ्या वेबसाइटवर बंद. तिथे चुका फक्त लॉगमध्ये जाऊ द्या.

पालकांनाही एक विनंती. शाळेला जरूर विचारा, की फॉर्म भरून झाल्यावर आमच्या मुलांची माहिती कोण बघू शकतं आणि ती कधी पुसली जाते? हा प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही.

वर्गात घ्यायची कृती (४० मिनिटे)

लॅबमधल्या एका संगणकावर शिक्षकांनी मुद्दाम एकच बिघाड करून ठेवावा, उदाहरणार्थ चुकीचा टाइमझोन. हा संगणक खऱ्या वेबसाइटचा नसावा. मुलांचे तीन-तीनचे गट करा आणि प्रत्येक गटाला वहीत चार रकाने आखायला सांगा: काय दिसलं? काय विचारलं? काय उत्तर आलं? काय बदललं? दुसरा आणि तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही, हा एकच नियम. गुण बिघाड लवकर सापडला म्हणून नको, प्रश्न नेमका विचारला म्हणून द्या.

स्वाध्याय

१. तुमच्या नावात दिसणारी अक्षरं, युनिकोड चिन्हं आणि बाइट किती? आधी कागदावर काढा, मग सर्व्हरला विचारा. जोडाक्षर असेल तर हलन्त वेगळा मोजायला विसरू नका.
२. लॅबच्या विंडोज संगणकावर दिसणारा फोटो लिनक्स सर्व्हरवर चढवल्यावर दिसत नाही. फायलीच्या नावातली लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं तपासा. विंडोजला दोन्ही सारखीच वाटतात, लिनक्सला नाही. फाइल त्या जागी आहे की नाही, हे सर्व्हरला कोणत्या प्रश्नाने विचाराल?
३. सर्व्हरवर वेळ ११ ऐवजी ५:३० दिसते आणि फॉर्म ३१ तारखेच्या रात्री १२ ला बंद व्हायचा आहे. भारतीय वेळेनुसार तो कधी बंद होईल?

पुढच्या पाठात आपण एरर लॉगची एक ओळ शब्दाशब्दाने वाचायला शिकू. तोपर्यंत आपल्या शाळेच्या सर्व्हरवर जुनी तपासणीची फाइल राहून गेलेली नाही ना, तेवढं आजच बघून घ्या.